भुतांचा सण आणि उघडी दारं : मीरा रोड ते एडिसन

  ऑक्टोबर लागला की मला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, तुम्ही लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलात ना? मग तो हॅलोविन म्हणजे नक्की काय प्रकार आहे? भुताखेतांचा कुणी सण करतं का?" आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी तर सरळच विचारलं होतं, "दारात हाडांचे सापळे टांगतात म्हणे. अभद्र नाही वाटत?" तर आज त्यावरच बोलू.

नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगते. मी १९९६ पासून मीरा रोडला राहते, पूर्वेला, शांती नगरात. माहेर गुहागर तालुक्यातलं. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. आमची बिल्डिंग जुनी, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. २० घरं आहेत. त्यातल्या सात घरांतलं एक तरी मूल परदेशात आहे. संध्याकाळी खाली बाकावर बसलो की निम्म्या गप्पा टोरांटोच्या नाहीतर सिडनीच्या. माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. जावई सॉफ्टवेअरमध्ये. नातू तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि नात आठ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी गेले. म्हणजे गणपती, नवरात्र आणि दिवाळी, सगळं तिकडेच झालं.

सप्टेंबर संपायच्या आतच लेकीच्या गल्लीत तयारी सुरू झाली. गल्ली म्हणजे आपल्यासारखी नव्हे. सुटी सुटी घरं, पुढे हिरवळ आणि माणूस औषधालाही नाही! मी रोज सकाळी फिरायला जायचे तर कुत्रा फिरवणाऱ्या दोन बायका सोडून कुणी दिसायचं नाही. माणसं गाडीतून गॅरेजमध्ये जातात आणि गॅरेजमधून घरात. पण ऑक्टोबरात हिरवळीवर थडगी उगवली. थर्माकोलची हो! झाडांना कापसाची कोळिष्टकं. समोरच्या घराने तर बारा फुटी सांगाडा उभा केला. होम डेपो नावाच्या दुकानाने २०२० साली हा बारा फुटी सांगाडा पहिल्यांदा विकायला काढला. तीनशे डॉलरचा. लोकांनी त्यावर अशी उडी घातली की दुकानात तो टिकेना. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हात आपोआप जोडले गेले आणि मनात रामनाम सुरू झालं. नात हसून हसून लोळली.

आपल्या मनाला हे खटकतं त्याला कारण आहे. आपल्याकडे पितरांचा पंधरवडा असतो, पण तो गंभीर. त्यात नवीन कपडा घेत नाहीत, बोलणी करत नाहीत. पान वाढायचं, कावळ्याची वाट बघायची आणि सर्वपित्रीला सगळ्या पितरांना निरोप द्यायचा. मेलेल्या माणसांची आणि चेष्टेची गाठ आपण घालत नाही. म्हणून मग मी शोधायला बसले की ह्या लोकांनी ती कशी घातली.

तर गोष्ट सुरू होते आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये. तिथल्या जुन्या केल्टिक लोकांचा सॉविन नावाचा सण होता. सुगी संपली आणि हिवाळा सुरू झाला, त्या सांध्यावरची रात्र. त्या रात्री ह्या जगातलं आणि त्या जगातलं दार किलकिलं होतं, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्म आला. आठव्या-नवव्या शतकात चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि नंतर २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा. संतांना जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणत, म्हणून त्यांच्या दिवसाची आदली संध्याकाळ ती 'हॅलोज ईव्ह'. त्याचंच झालं हॅलोविन. म्हणजे नावात भूत नाहीच, संत आहेत!

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, भीषण दुष्काळ झाला आणि लाखो आयरिश माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली. जाताना आपला सण घेऊन गेली. गावाकडे ती सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. सलगम म्हणजे मुळ्याचा गोल, जाडा भाऊ. तो कोरताना मनगट भरून येत असणार. अमेरिकेत त्यांना मिळाला भोपळा. मोठा, मऊ आणि आतून अर्धा पोकळ. सलगम गेलं, भोपळा आला. पुढे आपलं कारीट आणि काकडी येणार आहे, तेव्हा ही अदलाबदल लक्षात ठेवा.

पोरांनी वेश घालून दारोदार जायचं, हेही स्कॉटलंड-आयर्लंडकडचंच. तिथे पोरं गाणं म्हणून किंवा नक्कल करून सुकामेवा, सफरचंदं मिळवायची. 'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, ही आरोळी मात्र १९२० च्या दशकातली, आधी कॅनडात आणि मग अमेरिकेत. त्या काळात पोरांच्या खोड्या फार वाढल्या होत्या. कुंपणं मोडायची, खिडक्या फोडायच्या. गावोगावच्या मोठ्या माणसांनी मग तोडगा काढला की दारात आलेल्या पोराला गोड द्या, म्हणजे हात बांधले जातील. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशनिंग आलं तेव्हा हे बंदच पडलं होतं. १९५० नंतर नव्या वसाहती वसल्या, घरोघरी मुलं झाली आणि सण देशभर पसरला. १९५० सालीच काही मुलांनी खाऊबरोबर नाणी गोळा करून युनिसेफला द्यायला सुरुवात केली. आज ह्याचा बाजार किती? २०२३ मध्ये अमेरिकी लोक हॅलोविनवर १२ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च करतील असा तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज होता. रुपयांत साधारण एक लाख कोटी!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परकंच. थांबा. मी गुहागरकडची. आमच्या शिमग्यात संकासुर येतो. काळे कपडे, तोंडावर दाढीचा मुखवटा, कमरेला घुंगरांचा पट्टा. लहानपणी त्याचे घुंगरू वाजले की आम्ही माजघरात पळायचो आणि तो पुढे गेला की त्याच्या मागे धावायचो. तो दारात येतो, नाचतो आणि घरचं माणूस त्याच्या हातावर काहीतरी ठेवतं. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे मोठमोठे पुतळे जाळतात. ते बनवायला पोरं आधी कितीतरी रात्री जागतात. आणि बहुरूपी? पोलिसाचा वेश घालून दारात येऊन 'वॉरंट आहे' म्हणून दरडावणारा बहुरूपी तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेलच. वेश, थोडी भीती, थोडं हसू आणि शेवटी दारातलं दान. हे आपल्याकडेही होतंच की.

आणि थेट आपल्या मीरा-भाईंदरचं सांगू? भाईंदर पश्चिमेहून पुढे उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही ख्रिस्ती वस्तीची गावं. तिथे २ नोव्हेंबरला संध्याकाळी दफनभूमीत जाऊन पाहा. घरोघरची माणसं कबरी धुऊन पुसून ठेवतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, पाद्री येऊन प्रार्थना करतात. अंधार पडला की सगळी दफनभूमी दिव्यांनी भरून जाते. हॅलोविनचं मूळ ज्या दिवसांत आहे तो दिवस आमच्या महापालिकेच्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्यात भूत नाही, सांगाडा नाही. आपल्या गेलेल्या माणसांपाशी थोडा वेळ बसणं आहे. पितृपक्षात पान वाढणाऱ्या बाईला हे कळायला काहीच अवघड नाही.

बरं, आता लेकीच्या घरी येऊ.

ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही शेतावर जाऊन दोन भोपळे आणले. घरी आल्यावर मी जावयांना म्हटलं, पहिली सुरी तुम्हीच लावा. माझ्या सासरी अख्खा भोपळा बाईने आधी चिरत नाहीत. ते बिचारे काही न बोलता सुरी घेऊन बसले. आतला गर बघून मी घारगे करायचं ठरवलं. पण कोरायचा भोपळा निराळा, मंडळी! तो पाणचट आणि धाग्याधाग्यांचा. गूळ घालूनही चव येईना. मग कळलं की गोड पदार्थासाठी लहान भोपळा घ्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी तो आणला आणि घारगे फुगले एकदाचे.

भोपळा कोरताना नातीला म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, आणि परत येताना भोपळ्यात बसून निसटलेली. नात विचारात पडली. म्हणाली, "आजी, तूपण लेकीकडेच आली आहेस. मी वाघ होते. तुला काही वेश लागणारच नाही!" आता ह्यावर काय बोलणार? पट्ट्यापट्ट्यांचा झगा आला, शेपूट आली.

नातवाचं मात्र सरळ होईना. त्याला मित्रांबरोबर जायचं होतं, मोठ्यांशिवाय. आणि सैनिक व्हायचं होतं, हातात प्लास्टिकची बंदूक घेऊन. लेक म्हणाली, बंदूक नाही. तो म्हणाला, खोटी आहे. ती म्हणाली, खोटी असली तरी नाही. तो म्हणाला, सगळ्यांचे आईवडील परवानगी देतात. ती म्हणाली, सगळ्यांचा रंग तुझ्यासारखा नाही. घरात एकदम शांतता झाली.

रात्री मुलं झोपल्यावर मी लेकीला म्हटलं, अगं, एका दिवसाचा खेळ आहे, एवढं काय? तेव्हा तिने मला योशिहिरो हातोरीची गोष्ट सांगितली. ती ऐका, कारण तिच्याशिवाय परदेशातल्या आईची भीती कळत नाही.

१९९२ सालची गोष्ट. हातोरी सोळा वर्षांचा जपानी मुलगा. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या योजनेतून लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात राहत होता. १७ ऑक्टोबरला तो आणि ज्यांच्याकडे राहत होता त्यांचा मुलगा हॅलोविनच्या पार्टीला निघाले. हातोरीने नाचणाऱ्या हिरोसारखा पांढरा कोट घातला होता. पत्ता चुकला. दुसऱ्याच घराची घंटा वाजवली. घरातली बाई घाबरली, तिने नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवरा बंदूक रोखून 'फ्रीझ' असं ओरडला. म्हणजे जागचा हलू नकोस. पोराला त्या शब्दाचा तो अर्थ कळला नसावा. पार्टीला आलोय असं सांगत तो पुढे झाला. गोळी लागली आणि मुलगा गेला. फौजदारी खटल्यात तो माणूस निर्दोष सुटला. नंतर दिवाणी न्यायालयाने साडेसहा लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली. हातोरीच्या आईवडिलांनी जपानमध्ये बंदुकांविरुद्ध १७ लाखांवर सह्या गोळा केल्या आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना जाऊन भेटले.

लेक म्हणाली, "आई, ह्या देशात मी बारा वर्षं आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. समोरच्या घरात कोण राहतं हे मला चार वर्षांत माहीत नाही. आणि माझा मुलगा काळे कपडे घालून, मुखवटा लावून अंधारात अनोळखी दारं वाजवणार. मी कुणाच्या भरवशावर पाठवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीरा रोडला मी तिला तेराव्या वर्षी एकटीला लोकलने क्लासला पाठवत होते, हे तेव्हा बोलावंसं वाटलं नाही.

भीती कशाची बाळगायची हेही समजून घ्यावं लागतं, मंडळी. तिकडे पालकांच्या मनात पन्नास वर्षं एक भीती आहे की अनोळखी माणूस खाऊत विष घालेल, सफरचंदात ब्लेड घालेल. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी अशा बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊतून मूल दगावल्याचं किंवा त्याला गंभीर इजा झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडलं नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एका आठ वर्षांच्या मुलाचा खाऊतल्या सायनाइडने जीव गेला खरा, पण ते विष घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. खरा धोका निराळाच आहे. अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे मृत्यू इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाले. गाड्यांखाली हो! अंधार, काळे कपडे, रस्ताभर पळणारी पोरं. म्हणजे अनोळखी माणसाच्या खाऊपेक्षा ओळखीच्या रस्त्याला भ्यायला हवं.

शेवटी तह झाला. बंदूक नाही, सांगाड्याचा वेश चालेल, पण पाठीवर चमकणारी पट्टी. दारात उभं राहिल्यावर मुखवटा वर करायचा आणि तोंड दाखवायचं. ज्या घराचा बाहेरचा दिवा चालू असेल तिथेच जायचं. मागच्या दाराने कुठेही नाही. आठ वाजता घरी.

हा दिव्याचा नियम तिकडे सगळ्यांना माहीत असतो. दाराबाहेरचा दिवा चालू म्हणजे या. बंद म्हणजे माफ करा, आम्ही यंदा नाही. कुणाला रुसवा नाही, जाब नाही. मला तो नियम फार आवडला.

आणि २०२४ ची गंमत बघा. ३१ ऑक्टोबरला गुरुवार होता आणि त्याच दिवशी आपली नरक चतुर्दशी! पहाटे पाचला लेकीने मुलांना उठवलं, तेल-उटणं लावून आंघोळी घातल्या. ओक ट्री रोडला सगळं मिळतं, उटणं मिळालं, पणत्या मिळाल्या, पण कारीट काही मिळालं नाही. जावयांनी छोटी काकडी आणली. नातवाने ती डाव्या अंगठ्याखाली चिरडली आणि दप्तर घेऊन बसकडे पळाला. कारीट, काकडी, भोपळा, सगळी एकाच कुळातली. आयरिश माणसाने सलगमाऐवजी भोपळा घेतला, आम्ही कारिटाऐवजी काकडी. परदेशात सण असाच टिकतो, जे मिळेल त्यावर. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात तर दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सरकारी शाळांना पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी होती.

संध्याकाळी दारात रांगोळी, दोन पणत्या आणि बाजूला दात विचकणारा भोपळा. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस पडलाच नव्हता, हवाही उबदार होती, त्यामुळे सगळं गाव बाहेर. मी दारात खुर्ची टाकून बसले, मांडीवर खाऊचं परातीएवढं भांडं. तीन महिन्यांत मला त्या गल्लीत जेवढी माणसं दिसली नव्हती तेवढी एका तासात दिसली. चिनी आजोबा बाबागाडी ढकलत आले, बाबागाडीत मधमाशी. एक सरदारजी बाप आणि त्याची राजकन्या. गुजराती, कोरियन, स्पॅनिश बोलणारे, गोरे, काळे. प्रत्येक जण पायरीपाशी थांबायचा, पोराला ढकलायचा, 'थँक यू म्हण' असं आपापल्या भाषेत सांगायचा. ते सांगणं जगभर एकाच सुरात असतं! एका आजीबाईंनी पणत्यांकडे बोट करून विचारलं, ह्या कशासाठी? माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण दिवाळी सांगण्याइतकं होतं. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

नात परत आली ती पिशवी ओढत. मग जमिनीवर ओतून वर्गवारी. ज्यांच्या घरी मांसाहार नाही त्यांनी लक्षात ठेवा, तिकडच्या बऱ्याच चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. कँडी कॉर्नमध्ये असतं, स्टारबर्स्टमध्ये असतं. लेक गुरुवार पाळते, पण मुलांवर सक्ती करत नाही. नातीने आपणहून त्या बाजूला काढल्या आणि वर म्हणाली, "आजी, वाघाला चालेल, पण मला नको."

आठ वाजले. नातू आला नाही. सव्वाआठ झाले. फोन लावला तर बंद. गल्लीतले दिवे एकेक करून मालवायला लागले होते, कारण खाऊ संपला की दिवा बंद करतात. दर दिवा मालवला की लेकीचा चेहरा उतरत होता. जावई गाडीची किल्ली घेऊन निघालेच होते. तेवढ्यात रस्ता ओलांडून चार पोरं आली आणि त्यांच्या मागे समोरच्या घराचा मालक. उंच, पिकलेल्या दाढीचा. झालं होतं असं की त्याचा तो बारा फुटी सांगाडा कलंडला होता आणि ही चार पोरं अर्धा तास त्याला उभं करत होती. नातवाच्या फोनची बॅटरी संपली होती. तो माणूस म्हणाला, मुलगा सारखा घड्याळ बघत होता, म्हणून मीच पोचवायला आलो. आई काळजी करत असेल.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते परतवलं आणि फराळाचं ताट आणलं. त्याने आधी विचारलं, "शेंगदाणे आहेत का? माझ्या मुलाला चालत नाहीत." तेव्हा उलगडा झाला की त्याच्या पायरीवर हिरवट-निळा रंगवलेला भोपळा का असतो. २०१४ पासून तिकडे ही पद्धत आहे. असा भोपळा दारात दिसला की समजायचं, ज्यांना अमुक खाणं बाधतं अशा मुलांसाठी इथे खाऊखेरीज काहीतरी आहे. पेन्सिल, खेळणं, असं. चार वर्षं लेक तो भोपळा बघत होती आणि तिला वाटत होतं ती शोभा आहे. मग चिवडा बाजूला ठेवला आणि चकल्या बांधून दिल्या, त्यात काय काय आहे ते सगळं सांगून. त्या रात्री लेकीने त्याचं नाव विचारलं आणि आपलं सांगितलं. एवढंच झालं. पण महिन्याभराने लेकीला अचानक मीटिंगमुळे उशीर होणार होता, तेव्हा नातीला बसवरून कुणी घ्यायचं ह्यासाठी तिने ज्याला फोन केला तो हाच माणूस.

म्हणून मला विचाराल तर हॅलोविन हा वेशाचा सण नाही, दाराचा आहे. वर्षभर बंद असलेली दारं एका संध्याकाळी उघडतात. हातोरीच्या बाबतीत उघडलेल्या दारात बंदूक होती. आमच्या नातवाच्या बाबतीत शेजारी होता. एका गल्लीतली माणसं एकमेकांना ओळखत असतील तर बहुतेक वेळा शेजारी निघतो, म्हणून ओळख हवी.

आता आपल्याकडे बघा. इथेही मोठमोठ्या टॉवरमध्ये हॅलोविन आलाय. क्लबहाऊसमध्ये पार्टी, ऑनलाइन मागवलेला वेश, सेल्फी. मग सोसायटीच्या ग्रुपवर भांडण होतं, एक म्हणतो ही आपली संस्कृती नाही, दुसरा म्हणतो मुलांना मजा करू द्या. माझं म्हणणं दोघांनाही लागू आहे. आपण वेश आणला, दार नाही आणलं. पार्टी क्लबहाऊसमध्ये होते, शेजाऱ्याची बेल कुणीच वाजवत नाही. मी राहायला आले तेव्हा मीरा रोडला पाणी टँकरने यायचं आणि हंडा भरायला सगळे जिन्यात. त्या हालांतच ओळखी झाल्या. आता टँकर कमी झाले, सेफ्टी डोअर वाढली. पाहुणा फाटकावर असतानाच मोबाइलवर परवानगी द्यावी लागते. २०२५ च्या जुलैत भाषेवरून आमच्या मीरा रोडला मोर्चे निघाले, देशभर नाव झालं. मी मराठीची शिक्षिका, मराठी बोललंच पाहिजे असं माझंही मत. पण ज्याच्या दारात आपण कधी उभे राहिलो नाही, तो आपली भाषा शिकणार कुणाकडून?

त्याच वर्षीच्या दिवाळीत आम्ही बिल्डिंगमध्ये एक गोष्ट केली. लेकीकडचा दिव्याचा नियम उचलला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ, ज्याच्या दाराबाहेर दिवा त्याच्या घरी बिल्डिंगमधली मुलं डबा घेऊन जाणार. पणती असो, बल्ब असो. नाही लावला तर कुणी विचारणार नाही. सक्रांतीला आम्ही तिळगूळ गोळा करत फिरायचो, अगदी तसंच. मुलांना एकच अट, दारात स्वतःचं नाव आणि मजला मराठीत सांगायचा. २० पैकी १३ दारांत दिवे होते. मारवाडी काकूंनी घेवर ठेवला होता. दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे एक मुस्लिम कुटुंब आहे, दोनच वर्षं झालीत येऊन. त्यांनी दाराबाहेर टेबललॅम्प आणून ठेवला होता, वायर घरातून ओढून. त्या घरची मुलगी आमच्या टोळीत होती. तिने आमच्या दारात येऊन नाव सांगितलं आणि म्हणाली, "मी दुसऱ्या मजल्यावर राहाते." उच्चार अगदी स्वच्छ. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "आत्ताच, जिन्यात. त्या दादाने शिकवलं."

सात दारं अंधारात होती. असू देत. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा चिठ्ठी देऊ.

तर मंडळी, परदेशात असाल तर ३१ तारखेला बाहेरचा दिवा चालू ठेवा, मुलांच्या पाठीला चमकती पट्टी लावा आणि समोरच्याचं नाव विचारा. इथे असाल तर सांगाडा आणायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एक संध्याकाळ दार उघडं ठेवून बघा. तुमच्या बिल्डिंगमध्ये असं काही करत असाल तर जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. घारग्यांची कृती बऱ्याच जणींनी मागितली आहे, ती पुढच्या वेळी सांगते. भोपळा लहानच घ्या.